चिठ्ठीवर नसलेली वेळ

अन्याय झाला तो माझ्या अक्कावर. लातूर जिल्हा वेगळा होऊन दुसराच उन्हाळा होता, तोही दुष्काळाचा, आणि चैत्रातल्या एका मंगळवारी सकाळी साडेआठ ते अकरा वाजून वीस मिनिटं, एवढ्या वेळात तो झाला. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण ती शोधायला मला जवळजवळ वर्ष लागलं. त्याच अन्यायात आणखी एक माणूस भरडला गेला. त्याला भरडणारी मी होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही नांदेडचे, तिला दिली होती लातूरकडच्या एका खेड्यात. तिच्या तालुक्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचे तालुके आपण सुटलो म्हणून निवांत झोपतील.

पहिलटकरीण होती. आठवा सरेपर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्या मंगळवारी कळा सुरू झाल्या. सासूनं बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात आणली. तिथल्या तरुण डॉक्टरनं पोटाला हात लावल्याबरोबर सांगितलं, मूल आडवं आहे, ऑपरेशन लागेल, लातूरला न्या. लातूरच्या चिठ्ठीसकट अक्का जीपमध्ये बसली. लातूरला पोचल्या पोचल्या ऑपरेशन झालं. अक्का वाचली. मुलगी नाही वाचली.

मी नांदेडहून लातूरला गेले, तेव्हा अक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि सासू खाटेच्या पायथ्याशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "कळा लपवल्या हिनं. हजेरी बुडंल म्हणून. आणि तो ड्रायव्हर मुडदा! पोरगी जीपमधी तडफडून राहिली अन् हा कुठंतरी चहा ढोसत बसला. तासन् तास!"

एकाच तोंडातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली मी साफ खोटी मानली, दुसरी साफ खरी. कारण दुसरीवर पत्रक काढता येत होतं.

पत्रकं काढणं हाच तेव्हा माझा धंदा होता. टँकर आला नाही, पत्रक. वसतिगृहात अळ्या निघाल्या, पत्रक. विहाराच्या मागच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. त्याची शाई माझ्या नखांतून कधी गेलीच नाही. परत आल्या रात्री बसून लिहिलं: "एका कप चहासाठी एक जीव!" चारशे प्रती काढल्या. लातूरच्या स्टँडवर वाटल्या, त्या तालुक्याच्या दवाखान्याच्या भिंतीला चिकटवल्या. पंधरा दिवसांत कळलं की ड्रायव्हरची बदली झाली. मी आणि माझ्या मैत्रिणींनी भजी खाल्ली त्या दिवशी.

सव्वा महिन्यानं अक्का नांदेडला आमच्याकडं आली. न्यायला कुणी आलं नाही. आईनं एकदोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. अक्का दिवसभर काम करायची, माणसांशी मोजकं बोलायची. फक्त धान्य निवडायला बसली की मधूनच हात थांबायचा आणि म्हणायची, "मीच उशिरा सांगितलं असंल गं."

"तू कशाला उशिरा सांगशील?"

"न्हाई, पण असंल. कुणाला ठाऊक."

ही बाई माझ्या डोळ्यांदेखत सासूच्या वाक्यात राहायला गेली होती. दुष्काळावर पत्रक काढता येतं. यावर कसलं काढणार?

पावसाळा कोरडा गेला, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. नांदेडलाच असायच्या. पत्रक त्यांच्या हातात पडलं होतं. मला वाटलं शाबासकी देणार.

"हे तू लिहिलंस?"

"हो मॅडम."

"ड्रायव्हर चहा पीत होता हे कुणी पाहिलं?"

"पेशंटच्या सासूनं."

"पाहिलं, की तो दिसेना म्हणून म्हणाली?"

त्यांनी पत्रक बाजूला ठेवलं.

"आवाज चांगला आहे तुझा. आता कान लाव. लहान दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात पाठवलेला पेशंट उशिरा का पोचतो, ते मी शोधतेय. सगळे म्हणतात रस्ता वाईट. मला वाटतं वेळ रस्त्यावर जात नाही, दुसरीकडंच जातो. पण वाटून काय होतं? येतेस का विचारायला?"

काम ऐकायला सोपं होतं. पाठवून दिलेल्या प्रत्येक पेशंटच्या माणसाला पाच वेळा विचारायच्या. दुखणं कधी सुरू झालं. पहिल्या दवाखान्यात कधी पोचलात. पुढं न्या असं कधी सांगितलं. गाडी कधी हलली. दुसरीकडं डॉक्टरनं हात कधी लावला. एवढंच. कुणाची चूक, हे विचारायचं नाही. याच क्रमानं विचारायचं आणि मध्ये बोलायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

नांदेडला, लातूरला वॉर्डांतून फिरले. लोहा, उमरीकडच्या खेड्यांत घरी गेलेल्या पेशंटच्या ओसरीवर बसले. घड्याळ कुणाकडंच नव्हतं. लोह्याकडच्या एका आजोबांना विचारलं, आजीला दवाखान्यात कधी नेलं?

"टँकर आला तवा."

"टँकर कधी आला?"

"आरं तिच्या! ते सरकारला ठाऊक न्हाई, मला काय इचारती?"

पण माणसांना वेळ माहीत होती, फक्त आमच्या भाषेत नव्हती. कामावरची शिट्टी, शाळेची घंटा, एस्टी. मग मी गावोगावच्या शिट्ट्यांचं आणि गाड्यांचं टिपण ठेवलं. टँकर तेवढा मॅडमनी यादीतून काढायला लावला, तो भरवशाचा साक्षीदार नव्हता.

आणि एक गोष्ट व्हायला लागली. क्रमानं विचारलं, की माणसं आपोआप मागं जाऊन एकेक पाऊल पुन्हा चालायची. कुणावर ओरडायला आलेला माणूस तिसऱ्या प्रश्नाशी थांबायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "थांबा, तवा तर आम्ही तिथंच बसलो होतो." कुणी रडायचं. उमरीकडच्या एका बाईनं, तिचा नवरा गेला होता, पाचही वेळा सांगितल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बाई, समद्यांनी कसा मेला ते इचारलं. कसा नेला ते तूच इचारलं."

माघ लागला. मॅडम कागद चाळत म्हणाल्या, "एक केस राहिली. तुझ्या घरातली."

मी त्या दिवशी पायीच घरी आले. शेकडो ओसऱ्या पालथ्या घातल्या होत्या आणि घरच्या ओसरीवर बसायची हिंमत झाली नव्हती. अक्का ज्वारी निवडत होती. समोर बसले, वही उघडली. अक्कानं वहीकडं पाहिलं.

"मला पण इचारणार व्हय?"

"हो. दुखणं कधी सुरू झालं?"

"कोंबडं आरवायच्या आत."

"दवाखान्यात कधी पोचलात?"

"स्टँडावर लातूरची साडेआठची गाडी लागलेली होती. सुटायची होती अजून."

"लातूरला न्या, कधी म्हणाले?"

"लगीच. डॉक्टर पोरगाच होता, पण भला होता. मला जीपमधी निजवलं तवा ती लातूरची गाडी सुटून समोरून गेली. पाटीवर लिहिलेलं होतं, लातूर." ती थोडी हसली. "एस्टीला कुणाची सही लागत न्हाई."

"सही? कसली सही?"

अक्का उठली. ट्रंकेतून पत्र्याचा एक डबा काढला. आत एक टोपडं होतं, न वापरलेलं, आणि त्याखाली चार घड्यांची चिठ्ठी. वर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं. त्याच्यावर आडवी रेघ, वर हातानं "लातूर", आणि शेजारी हिरव्या शाईत सही.

जुन्या जिल्ह्याची छापील चिठ्ठीपुस्तकं संपेपर्यंत वापरा, असं त्या दवाखान्यात ठरलं होतं. खोडलं की बाजूला दवाखान्याच्या मोठ्या साहेबांची सही पाहिजे. बिनसहीच्या खाडाखोडीवर जीप बाहेर काढली, तर ड्रायव्हरनं परस्पर दुसऱ्या जिल्ह्यात नेली असा अर्थ व्हायचा. साहेब दुष्काळाच्या मीटिंगला तहसिलात. डॉक्टर पोरगा, त्याची सही चालत नव्हती. कारकून म्हणाला, मागल्याच आठवड्यात मी शिव्या खाल्ल्या, मी नाही सोडणार.

"मग ड्रायव्हरचाचा सायकल घेऊन गेले तहसिलात. परत आले, शिपाई आत सोडीना. पुन्हा गेले. जाताना आपली छागल माझ्या उशाशी ठेवून गेले. त्या उन्हात, गं, गावात पाणी न्हाई अन् त्यांनी आपलं पाणी मला दिलं. म्हणले, बेटी, घोट घोट घे, मी आलोच."

माझ्या हातातला पेन थांबला होता.

"अक्का, हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू कुठं इचारलंस? तू लिहीत होतीस."



दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरचाचांना शोधून काढलं. निलंग्याच्या पुढं, पार हद्दीजवळ बदली झाली होती. एका झाडाखाली जीपचं चाक बदलत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी हात पुसले, खिशातून घडी केलेला कागद काढला. माझं पत्रक.

"जबान तेज हाय बेटी तुझी. एक गलती हाय फकस्त. मी चहा पीतच न्हाई. पित्त होतं."

मी पाया पडायला वाकले. त्यांनी मागं सरून चाकाच्या पान्याकडं बोट केलं. "ते दे इकडं. पाया बिया पडू नको, नट आवळू लाग." मी नट आवळले. मग विचारलं, गाडी कधी हलली?

त्यांनी लॉगबुकातल्या त्या पानाची नक्कल जीपमध्ये जपून ठेवली होती. बदली झाल्यावर करून घेतली होती, कुणी विचारलंच तर दाखवायला. वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. मंगळवार, निघण्याची वेळ, अकरा वाजून वीस मिनिटं. "तिसऱ्या बारीला शिपायाला ढकलून आत घुसलो. साहेबानं सही केली मुकाट. तो बी वाईट न्हाई. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, बाहेर काय चाललंय ते." मग म्हणाले, "पोरगी कशी हाय?"

"बरी आहे."

"अन् बच्चा?"

त्यांना बाळाचं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पत्रकात "एक जीव" होता, तो अक्काचा असेल या भीतीनं ते वर्षभर तिच्यासाठी दुवा मागत होते. मी सांगितलं. 

परत येताना वाकडी वाट करून अक्काच्या सासरी गेले. भांडायला नाही. वही काढली आणि सासूला पहिला प्रश्न विचारला. ती आधी अंगावर आली, "आता काय पंचनामा करती व्हय माझा?" मी मध्ये बोलले नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "कोंबडं आरवायच्या आत उठवलं तिनं मला. मीच गाडी जुंपायला पळाले." आणि मग, वहीकडं न बघता, "मला वाटायचं, कुणाचं तरी चुकलं असंलच की. न्हाईतर अशी कशी जाईल?"

तिलाही वर्षभर कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर अक्काला सांगितलं. साडेआठ ते अकरा वीस. तू उशीर केला नाहीस. एक मिनिटसुद्धा नाही.

"परत सांग."

परत सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग परत, मग आणखी एकदा. चौथ्यांदा ती स्वतःच म्हणाली, "साडेआठ ते अकरा वीस," आणि निवडलेल्या ज्वारीत हात घालून खूप रडली, ती लातूरहून आल्यापासून पहिल्यांदा. डब्यातलं टोपडं तिनं उन्हात वाळवून परत घडी करून ठेवलं. सासू न्यायला येणार असा निरोप आला तेव्हा म्हणाली, "येऊ दे. पण ते वाक्य परत घेऊ दे आधी, चार माणसांत."

मॅडमच्या तक्त्यात अक्का एक आकडा झाली. मी भांडले, नाव घाला म्हणाले. त्या म्हणाल्या, "आकडाच असू दे. आकड्यावर सासू ओरडत नाही." तक्त्यात बघितलं, तर त्यांचं म्हणणं खरं होतं. रस्ता होता तेवढाच होता. "न्या" म्हटल्यापासून चाक हलेपर्यंत वेळ जात होता, आणि त्या दोन्ही वेळा एकाही चिठ्ठीवर नव्हत्या. तारीख होती, शिक्का होता, हिरवी सही होती.

नवं पत्रक मी त्याच भिंतीला चिकटवलं. वर ड्रायव्हरचाचांची माफी, खाली त्या दोन वेळा, साडेआठ आणि अकरा वीस. अक्का सोबत होती. खळ तिनंच लावली.

आता तुम्ही. हे वाचून हळहळू नका, ते मला नको आहे. या आठवड्यात तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात जा आणि पुढं पाठवायची चिठ्ठी दाखवा म्हणून मागा. "पुढं न्या" म्हटल्याची वेळ आणि गाडी हलल्याची वेळ, या दोन वेळांना तिच्यावर जागा आहे का बघा. नसेल तर जागा छापून मिळेपर्यंत तिथून उठू नका. आणि तुमच्या घरचा पेशंट नेताना चिठ्ठी हातात पडली, की खिशातला पेन काढा आणि वेळ तुम्हीच लिहा. सहीची वाट बघू नका.