क्रेनवरून निम्मं पाहिलेलं ग्रहण

खग्रास सूर्यग्रहण बघायला लोक म्हणे दूरदेशी जातात. जावं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण मला विचाराल तर एवढी धावपळ करण्यासारखं त्यात काही नाही. न बघता बोलत नाही; निम्मं बघितलंय.

तेव्हा मी कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत क्रेन चालवत होतो. ग्रहण लंकेत खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. बायकोला पाचवा महिना. आधीचं मूल हाती लागलं नव्हतं. ग्रहणात पोटुशीनं काही चिरलं तर बाळाचा कान नाहीतर ओठ फाटका निघतो, ही तिची धास्ती. सासऱ्यांनी मुंबईहून धाडलेल्या पंचांगातली सुटायची वेळ तिनं पाठ केली होती.

"आज माझ्याजवळ बसा ना."

"मी असलं मानत नाही," म्हटलं आणि काजळी धरलेली काच खिशात घालून निघालो.

क्रेनवर चढून काच डोळ्याला लावली. सूर्याचा लचका तोडलेला. खालून जोडीदार ओरडला, "दादा, अंधेरा कब होगा?"

"होगा, होगा!" मी ठणकावलं. कुठचा अंधार! ऊन जरा मळकट झालं, इतकंच. सहज गोदीच्या घड्याळाकडे पाहिलं. पंचांगातली सुटायची वेळ उलटून गेली होती आणि इथे ग्रास अजून वाढतच होता. ती वेळ मुंबईची, आणि तिथलं घड्याळ तेव्हा आमच्या मागे चालायचं! घरी ती ग्रहण सुटलं समजून कामाला उठली असणार.

शिडीवरून कसा उतरलो, ठाऊक नाही. धावत खोलीवर आलो, तर ती न्हाऊन विळीवर बसलेली, वांगं हातात.

"थांब! सुटलं नाही अजून."

"अहो, पंचांगात तर…"

"ते मुंबईचं. इथे अजून लागलेलंच आहे."

तिचा चेहरा पांढरा पडला. एक फोड पाण्यात पडली होती.

"तुम्ही मानत नाही ना? मग धावत कशाला आलात?"

"बस गुपचूप."

विळी बाहेर नेऊन ठेवली आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो. शेजारच्या बंगाली घरांत सुटल्याचे शंख वाजेपर्यंत हललो नाही. सूर्य पार कोयत्यासारखा झाला होता, असं गोदीतले पुढे महिनाभर सांगत होते. झाला असेल.

मुलगी झाली तेव्हा दाईच्या हातातून घेऊन आधी दोन्ही कान चाचपले, मग ओठ बघितला, मग बोटं मोजली. सगळं जागच्या जागी.

"मी सांगितलंच होतं, असल्यात काही नसतं."

"मग बोटं कशाला मोजताय?" बायको पडल्यापडल्या म्हणाली.

मी पुन्हा एकदा मोजली.