पुस्तकात मेलेली माझी माय

माझी माय आज सकाळी गेली. केजच्या आमच्या घरात, चहा पिऊन, खाटेवर.

पुस्तकात तिला आधीच मारून झालं होतं.

ज्यांनी मारलं त्या लेखक साहेबांना मुद्दाम टॅग केलंय. वाचा साहेब, सावकाश वाचा.

हे साहेब एकदा घरी आलते. ऊसतोडीवर कादंबरी लिहायची होती. जन्मभर ऊस तोडलेल्या मायनं भजी तळली. साहेबांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, "स्थलांतराचं दुःख कसं वाटायचं?"

कादंबरी आली. सत्कारबित्कार झाले. मी मायला वाचून दाखवली. त्यातल्या बाईचं नाव बदललेलं, पण नाकातली मोरणी मायचीच. ती रोज रात्री गावासाठी रडते आणि उसाच्या फडात प्राण सोडते.

"मंग? फुडं?"

"फुडं काई न्हाई. मेलीस तू."

"अगं बाई! कावून? काय झाल्तं मला?"

"गावाची आठवण."

माय पोट धरून हसली. मग तंबाखू मळत म्हणाली,

"फडावरच्या पाचटाच्या कोपीत मला गाढ झोप लागायची. गावात आलं की जीव घाबरायचा. एका जागी ऱ्हायचं कसं, तेच येत न्हाई मला. सांगितलं की मी त्याला. लिहिलं न्हाई व्हय त्यानं?"

नाही लिहिलं. त्यावर टाळ्या पडल्या नसत्या ना!

कंबर गेली, तोड सुटली. तरी दसरा आला, तोडीच्या टोळ्या निघाल्या की माय लुगड्यांचं गाठोडं बांधून दारात ठेवायची. घर पक्कं, पण भिंतीला एक खिळा ठोकू दिला नाही.

"कशाला? पुन्हा उपटायचाच हाय."

साहेब त्याच भिंतीला टेकून भजी खात होते.

आज दुपारी त्यांचा फोन. "ताई, दहाव्याला येतो. श्रद्धांजली म्हणून तो मृत्यूचा प्रसंग वाचतो. लोक फार हेलावतात हो."

या. नक्की या. पण माईक आधी माझ्याकडे.

मीही गोष्ट लिहिलीय. त्यात माय शेवटच्या पानापर्यंत जिवंत आहे. तंबाखू मळते, भांडते, खिदळते.

लेखक साहेब पहिल्याच पानावर गचकतात. लाजेनं.

सगळ्या गावासमोर वाचणार. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय. उठून गेलात तर पुन्हा पहिल्यापासून वाचीन.

माय, तुझ्या फोटोसाठी आत्ता भिंतीत खिळा ठोकला. चांगला चार इंची. लई शिव्या दिल्या असत्यास.

दे.

पण ह्यो खिळा आता उपटायचा न्हाई.

नीट जा, माय.