आईने सोडलेला भात

हे वैशालीला माहीत नाही. चोवीस वर्षांचा संसार आहे आमचा, तरी नाही. दादाला तर मुळीच नाही. कितीदा त्याच्यासमोर तोंड उघडलं — आणि चहा पिऊन उठलो. तुम्हाला सांगतो. पण जरा आडवळणाने येईन, एकदम सांगणं जमत नाही.

आधी आईच्या हाताबद्दल बोलू द्या. आम्ही मूळचे कोकणातले. लहानपणी ताप येवो, परीक्षेत नापास होवो, कोणाचा मार खाऊन येवो — आई आधी पोटावर हात ठेवायची. बेंबीभोवती तळहात सावकाश फिरवायची, जरा दाबून बघायची आणि सांगायची, "घट्ट लागतंय. कशाची तरी धास्ती घेतलीयस." भीती, राग, दुःख, सगळं पोटात जाऊन बसतं आणि तिथे हाताला लागतं, असं तिचं ठाम मत. मग कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लावायची. हसू नका — बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं.

दादा फौजेत होता. दिल्लीला बदली झाल्यावर त्याने आईला कँटोन्मेंटमधल्या क्वार्टरमध्ये आणलं. तो सुभेदार म्हणून निवृत्त झाला, क्वार्टर सुटलं, आणि नोएडात त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्यात तो, वहिनी आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. माझा फरीदाबादला तीन खोल्यांचा फ्लॅट, सरकारी नोकरी, मुलगा पुण्याला शिकायला. घरात माणसं दोन. आई आता माझ्याकडे येणार, हे कोणाला ठरवावंही लागलं नाही. वैशालीने मागची खोली आवरून खाट टाकली, नवी चादर आणली.

आणि मला आई यायला नको होती.

का? हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. भांडण नव्हतं. वैशालीची तक्रार नव्हती — असती तर बरं झालं असतं, तिच्यावर ढकलता आलं असतं. रविवारी त्या मागच्या खोलीत दार लावून मी पेपर वाचत लोळायचो. आईचं खोकणं, पहाटेची स्तोत्रं, दर तासाला "सुधीर, काही खाल्लंस का" — हे मला नको होतं. एवढंच. याहून मोठं कारण खूप शोधलं, सापडलं नाही.

दादाचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, डॉक्टरने आतड्याला सूज सांगितलीय. पथ्य आहे, घरात शांतता हवी. बरा झालो की आईला लगेच घेऊन जातो. पोटच का सांगितलं? कारण आमच्या घरात पोटापुढे कोणाचं काही चालत नाही, हे मला ठाऊक होतं. दादाने क्षणाचाही विचार केला नाही. "मग आई इथेच राहील. तू तब्येत बघ."

वैशालीलाही तेच सांगावं लागलं. तेव्हापासून माझ्या डब्यात मुगाची खिचडी नाहीतर दुधी. "अरे यार, फिर से खिचड़ी?" असं ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे शर्माजी कीव करत म्हणायचे. मी खिचडी टाकून देऊन डबा नळाखाली धुवायचो आणि बाहेरच्या ठेल्यावर छोले-कुलचे खाऊन यायचो. तिखट, झणझणीत. पोट माझं दगड पचवेल असं होतं.

महिन्याभराने दादाकडे गेलो. आईने मला खाटेवर आडवं केलं, शर्ट वर सारला आणि हात ठेवला. पन्नाशीला आलेला माणूस मी, छताकडे बघत पडून राहिलो. तिने हात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. "मऊ आहे रे पोट," ती म्हणाली. "सूज कुठेच लागत नाही." पकडला गेलो — आणि खरं सांगतो, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. तिने विचारलंसुद्धा, "मनात काही आहे का? असलं तर सांग. मी पोटात ठेवीन."

मी म्हणालो, "काही नाही गं. दुखतं अधूनमधून."

ती स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. "माझ्या हातात आता काही राहिलं नाही," असं म्हणाली आणि हिंग कालवायला उठली.

पुढच्या वेळी जेवायला बसलो तर आईच्या ताटात भात नाही. वहिनीने हळूच सांगितलं — हाताला कळेना, म्हणून तिने देवापुढे भात सोडलाय. भावजींचं पोट बरं होईपर्यंत शिवणार नाही म्हणतात. कोकणातली बाई ती. भात झाला नाही तर जेवण झालं असं न म्हणणारी. तोंडात धड चार दात नाहीत, पोळी दुधात भिजवून गिळत होती आणि मला वाढत होती.

तिथेच सांगायला हवं होतं ना? एक वाक्य — बरं वाटतंय आता. पण बरं वाटतंय म्हटलं की दुसऱ्या दिवशी तिची पिशवी माझ्या दारात. नाही म्हटलं तर तिच्या ताटात पोळी. मी प्रत्येक वेळी हिशेब न करताच म्हणायचो, "आहे तसंच." घरी खिचडी खायची, तिथे जाऊन पोट धरून बसायचं, तिचा हात फिरेपर्यंत श्वास रोखायचा. मागच्या खोलीत रविवारी पडायचो, पण पेपर वाचला जायचा नाही. सहा वर्षं असं चाललं. तिने एकदाही भात खाल्ला नाही.

परवाच्या श्रावणात ती गेली. दहाव्याला यमुनेच्या काठी दादाने पिंड मांडले — भाताचे. सहा वर्षांनी आईपुढे भात आला तो असा. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही खाली येईना. ऊन चढत गेलं. दादाने मुलींच्या लग्नाचं सांगून पाहिलं, देवाचं सांगून पाहिलं. गुरुजी म्हणाले, काही इच्छा अडकली असेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा माझ्या कानाशी आला. "तुझ्या पोटातच जीव होता रे तिचा. खोटं का होईना, सांग तिला."

मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "आई, माझं पोट चांगलं आहे. मला काहीही झालेलं नाही."

कावळा उतरला. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. वैशालीने माझा दंड घट्ट धरला. सहा वर्षांत आईशी खरं बोललो ते तेवढंच, आणि तिथल्या एकालाही ते खरं वाटलं नाही. दादाने मला जवळ घेतलं, म्हणाला, "एवढा त्रास असून बोललास तिच्यासाठी." तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी फिरवू दिला.