टॉवेलाखालचा डाव

धम्मपालच्या दुकानात गेलं की आधी टॉवेल दिसतो. भोकरदनला बसस्टँडामागं माझं शिलाईचं दुकान, त्याला लागून त्याचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं, आन् दुकानामागंच त्याचं घर. फळीवर जुने व्हिडिओ गेम, कॅसेटी, वायरी. हे भंगार फेक म्हणून सांगता सांगता माझा घसा कोरडा पडला. ऐकंल तर शप्पथ!

आम्ही पोरं होतो तवा त्याच्या बापानं, साहेबरावांनी, ह्याच जागी टीव्हीला गेम लावून दिल्ता. शाळा सुटली की निम्मी आळी तिथंच. त्या मशीनच्या काही ध्यानात राहायचं न्हाई. बंद केलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून धम्मपालचा नियम होता: डाव अर्धा टाकून जेवायला जायचं असलं तर मशीन थांबवायचं, पण बंद करायचं न्हाई. टीव्हीवर टॉवेल टाकायचा. टॉवेलाला कुणी हात लावला की त्याची गठडी वळलीच म्हणून समजा. आन् एक. गेममधला आपला गडी मेला, डाव संपला, की मंग मशीन नाव विचारायचं. जित्या गड्याचं नाव ते कधीच मागायचं न्हाई. "नाव मागितलं की खेळ खल्लास," असं तो सगळ्यांना बजावायचा. ह्या दोन गोष्टी त्याच्या अंगात मुरल्या त्या मुरल्याच.

गेल्या उन्हाळ्यात त्याची आई, मालनबाई, आपणहून बोलायला लागली. वय ऐंशीच्या घरात. जन्मभर तिला काही विचारा, "जाऊ दे बाबा" म्हणायची. आता म्हणाली, "लिहून घे." तिच्या माहेरी, बौद्ध झाल्यावर, आपल्या बायांनी पहिल्यांदा गावच्या आडाला घागर लावल्ती. ती तवा लहान, आईचा पदर धरून गेल्ती. कोण कोण बाया होत्या, कुणाची घागर फोडली, तरी कोण मागं फिरली न्हाई, ती नावं आता तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

धम्मपालनं कंपुटरवर लिहायला घेतलं. कंपुटर भंगारातून जोडलेला, त्यात फुकटचं लिहायचं सॉफ्टवेअर. फुकटचं म्हटलं की मात्र चिडायचा. "मच्छिंद्र, जगातल्या लोकांनी मिळून केलंय ते. कुणीबी घ्यावं, कुणीबी सुधारावं. कुणाच्या बापाला त्याच्यावर कुलूप लावता येत न्हाई." आडाचं सांगावं तसं सांगायचा.

तर ते सॉफ्टवेअर थोड्या थोड्या वेळानं आपोआप मजकूर जपून ठेवायचं. पण जपताना दर वेळी त्याचा जुनाट कंपुटर अटकायचा, आन् मालनबाई बोलत बोलत पुढं निघून जायची. म्हणून त्यानं ते बंद करून टाकलं. मंग हातानं सेव्ह करायचं. तसं केलं की पडद्यावर चौकट यायची, नाव द्या म्हणून. तिथं ह्याचा हात थांबायचा.

"आरं दे ना कायबी," मी म्हणालो. "मालनबाई लिही."

"आई अजून सांगून राह्यली ना. डाव चालू हाय."

"येडा झाला का तू?"

त्यानं चालू कंपुटरवर टॉवेल टाकला आन् जेवायला गेला. त्याच्या बायकोनं, भावनानं, त्याच्यापुढं हात जोडले. तर हसून म्हणाला, "इन्व्हर्टर हाय ना." त्या दिवसापासून लाइट नुसता फडफडला तरी मी शिलाई टाकून त्याच्या दुकानात पळायचो.

अन् एका सकाळी मालनबाईचं तोंड वाकडं झालं. जालन्याला नेलं. जिती परत आली, पण वाचा गेली. डोकं बराबर, डोळे बराबर, डावा हात बराबर, नुसता शब्द न्हाई. आता ती नावं जगात एकाच जागी होती, टॉवेलाखाली.

"आता तरी दे नाव!" मी त्याचा दंडच धरला.

"आता तर बिलकुल न्हाई," तो म्हणाला. मधल्या उघड्या दाराशीच घरात बाज होती, बाजेवर आई होती, तिच्याकडं बघत म्हणाला. भावनानं मला बाजूला घेतलं. तो औषधं आणायला जालन्याला गेला की आपण दोघं उरकून टाकू, असं ठरलं.

तो जायच्या आधीच, भर दुपारी, कोपऱ्यावरच्या लाइटच्या डीपीत धडाम आवाज झाला. पंखे थांबले. इन्व्हर्टर ओरडायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. धम्मपालनं टॉवेल ओढला. चौकट उघडली. नाव द्या.

"टाक जल्दी!" मी ओरडलो. भावना रडायलाच लागली. धम्मपालनं घराकडं पाह्यलं. मालनबाई बाजेवरून त्याच्याकडंच बघत होती, छाती हलत होती. त्यानं "मा" टाकलं. अन् पुसलं. इन्व्हर्टरचा आवाज लांबत गेला आन् पडदा काळा झाला.

लिहिलेलं सगळं गेलं, आई मात्र जगली. तेच तर वाईट झालं. रोज दुपारी ती डाव्या हातानं टॉवेल दाखवायची. तिला वाटायचं सगळं आत हाय, वाचून दाखव. आन् तो, देवा रे, टॉवेल काढून खांद्यावर टाकायचा आन् तिच्या अन् पडद्याच्या मधी उभा राहून काळ्या पडद्यावरून वाचायचा! "कौतिकाबाई. गिरजाबाई. ठकूबाई. सोनाबाई." एकेका नावाला ती मान हलवायची. मंग थांबायची. जिची घागर फोडल्ती तिचं नाव त्याला काही केल्या आठवत नव्हतं. "पहिल्यापासून घेऊ, आई," म्हणायचा, आन् परत कौतिकाबाई.

मी माझ्या दुकानात शिवायच्या मशीनवर बसून ऐकायचो. शिलाईच्या खडूनं चारी नावं भिंतीवर लिहून ठेवली. पाचवं कुठून आणू?

काल त्यानं वाचलं तर ठकूबाईपण न्हाई. त्याला कळलंसुद्धा न्हाई. मी त्याच्या दारात येऊन ओरडलो, "ठकूबाई राह्यली रे!" तो माझ्याकडं वळला, मधून सरकला, आन् पडदा आईपुढं उघडा पडला. मालनबाई त्या काळ्या काचेकडं लय वेळ बघत राह्यली. मंग तिनं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, आन् आपल्याच तोंडावर टाकला.

धम्मपाल उभाच राह्यला. भावना दारात, मी दारात. टॉवेल श्वासानं वर-खाली होत होता. आमच्यातल्या कुणीच त्याला हात लावला न्हाई.