जाहिरातीतलं बोरन्हाण

टीव्हीवरची ती जाहिरात लागली की माझं डोकंच फिरायचं. जाहिरात पोरांच्या खाऊची. आत मूठभर मसाल्याचे फुगे आणि बाकी नुसती हवा, असलं चकचकीत पाकीट. संक्रांतीच्या तोंडावर ती ऊठसूट लागायला लागली. एक मुलगी पाटावर बसलीय, तिचं बोरन्हाण चाललंय. नऊवारीतली आजी तिच्या डोक्यावर बोरं ओतायला जाते, तर मुलगी नाक मुरडून म्हणते, "आजी, तू बाजूला हो ना!" मग आई येऊन वरून पाकिटं ओतते, पोरं नाचतात आणि ती म्हातारीही एक पाकीट फोडून डोळा मारते. डोंबल तिचं!

एक तर ती मुलगी चांगली आठ वर्षांची घोडी. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंतच करतात, हे ह्यांना कुणी सांगितलं नाही? अंगावर काळा कपडा नाही, हलव्याचे दागिने नाहीत. पिवळाधमक परकर आणि गळ्यात लग्नातला हार. आणि मुळात हे करायचं कशासाठी? ताटलीत दिलेलं बोर पोरं खात नाहीत, पण डोक्यावरून घरंगळलेलं तेच बोर एकमेकांच्या हातून हिसकावून खातात. त्यासाठी तर सगळा खटाटोप. पण ज्याला पाकीट विकायचंय त्याच्यापुढे काय डोकं फोडणार?

हे सगळं मी मोठमोठ्याने बोलायचे. कोपरखैरण्यातल्या आमच्या घरात दिवसा ऐकायला असतं कोण! मुलगा आणि सून कामावर जातात, मागे मी आणि चार वर्षांची नात. तिला न्हाऊ घालायचं, भरवायचं, झोपवायचं, सगळं मीच. माझ्यावाचून तिचं पान हलत नाही, असं मी चारचौघींत सांगायचे. आणि तीच पोरगी तोंडात घास तसाच धरून ती जाहिरात बघत बसायची. खरं सांगते, मला भीती वाटायची.

संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण ठरलं. मी वाशीच्या मार्केटमधून बोरं, ओला हरभरा, ऊस आणला. हलवा दोऱ्यात ओवून मुकुट केला, बाजूबंद केले. बोटं आखडून गेली. सुनेने मात्र त्याच पाकिटांचा खोका मागवला.

"आई, टेन्शन नका घेऊ, दोन्ही ठेवू," ती म्हणाली. "सोसायटीतली मुलं येणारेत. नुसती बोरं बघून हिरमुसतील ना."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या संध्याकाळी घर पोराबाळांनी आणि त्यांच्या आयांनी भरून गेलं. काळ्या फ्रॉकवर पांढरे दागिने घालून नात पाटावर बसली, इतकी गोड दिसत होती की माझीच दृष्ट लागेल असं वाटलं. मी बोरांनी माप भरलं आणि तिच्या डोक्यावर धरलं. तिने मान वर केली, नाक मुरडलं.

"आजी, तू बाजूला हो ना!"

हुबेहूब. सगळ्या बायका खो खो हसल्या. कुणी टाळ्या पिटल्या. आपण काहीतरी भारी केलं, हे पोरीला कळलं आणि तीही हसायला लागली. मी खरंच बाजूला झाले. सुनेने पाकिटं ओतली, पोरांनी झडप घातली, आणि माझ्या हातातून सांडलेली बोरं त्यांच्या पायाखाली चिरडली गेली.

आता मुलगा बोलेल, असं मला वाटलं. आजीशी असं बोलत नाहीत, बाळा. एवढंच. बाकी काही नको होतं मला. तो समोरच मोबाइल धरून उभा होता.

"आई," तो म्हणाला, "परत एकदा माप धर ना. रेकॉर्डिंग चालूच झालं नव्हतं. आणि ह्या वेळी जरा हस, तोंड फार पडलेलं दिसतंय."

मी खाली बसले, धड राहिलेली बोरं वेचून माप भरलं, आणि हसले.