खडकामागचं थांबलेलं पाणी

गल्लीत सगळे तिला शिवणताई म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, कापडं बेतायचं टेबल आणि खुंट्यांवर अर्धवट शिवलेले झगे. पन्नाशी उलटल्यावर तिनं त्याच खोलीत, मशीनला खेटून, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. त्यात मासे दोनच. तिचा जीव होता प्रवाळांवर.

नवरा बसचालक. "आयुष्यभर टाके घातलेस, आता टाकी घाल," असं तो म्हणाला खरा, पण टाकीचं वजन पेलावं म्हणून खालच्या बाकाला जाड लाकडी पाय त्यानंच ठोकून दिले.

शोभेच्या माशांच्या दुकानात, मागच्या बाजूला, एक प्रवाळ कडेला काढून ठेवलं होतं. बोटाएवढा पांढरा दगडी देठ आणि टोकाशी आक्रसलेलं तपकिरी मांस.

"हे गेल्यात जमा आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "हवं तर असंच न्या. पण मेलं तर माझ्या नावानं बोटं मोडू नका."

तिनं ते पोरीला अंगडं घालावं तशा हातांनी उचललं आणि घरी आणलं.

टाकीतलं मीठ बरोबर होतं, ऊब बरोबर होती, दिवाही बरोबर. तरी प्रवाळ काही उघडेना. उलट टाकीत रचलेल्या खडकांच्या मागे वाळूवर लालसर बुळबुळीत साय धरू लागली. दुकानदाराला सांगितलं तेव्हा त्यानं लगेच ओळखलं.

"पाणी फिरत नाहीये. प्रवाळ स्वतः कुठं जात नाही, ताई. त्याचं खाणं पाण्यानं आणायचं आणि त्याची घाणही पाण्यानंच न्यायची. तुमचा छोटा पंप पुरत नाही, मोठा लावा."

मोठा पंप लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वाळू उडून एका कोपऱ्यात ढीग झालेला, तळाची काच उघडी पडलेली, आणि दोन्ही मासे दगडाच्या आडोशाला दडी मारून बसलेले. प्रवाळाचं मऊ अंग धारेनं देठाच्या धारदार कडांवर दाबलं गेलं होतं आणि एका बाजूनं चक्क फाटलं होतं. तिनं पंप बंद केला. त्या दिवशी तिनं एका झग्याची बाही उलटी जोडली. असं तिच्या हातून कधी होत नसे.

"अगं, देऊन टाक ते परत," नवरा म्हणाला. "उगाच जिवाला घोर."

"आणलं तेव्हा ते आपल्या मरणानं मरत होतं. आता मी मारतेय," ती म्हणाली. "असं कसं परत देऊ?"

घोळ एकच होता. पाणी कुठं जोरात जातंय आणि कुठं ठप्प आहे, हे दिसायचं कसं? बाही उसवताना तिची नजर टेबलावर गेली. पंख्याच्या वाऱ्यानं दोऱ्यांचे तुकडे भुरभुर उडत होते, पण कापडाच्या गठ्ठ्यामागे पडलेले तुकडे हलतही नव्हते. ती बघतच राहिली. मग उठली, रंग न लावलेला पांढरा दोरा काढला आणि विणायच्या प्लास्टिकच्या सुईला थोड्याथोड्या अंतरावर त्याचे तुकडे बांधले. जुना छोटा पंप लावला आणि सुई हळूच टाकीत सोडली.

पंपासमोर दोरे ताठ झाले. मधे नुसते डुलत राहिले. आणि खडकामागे सुई नेली, तसे दोरे सरळ खाली लोंबले.

"अहो, इकडे या. हे बघा, इथं पाणी झोपलंय."

तिनं खडक मागच्या काचेला चिकटवून भिंतीसारखे रचले होते. पाणी त्या भिंतीवर आपटून तिथूनच माघारी फिरत होतं. दोघांनी कोपरापर्यंत हात बुडवून खडक काढले, काचेपासून पुढे सरकवले आणि मधे हात जाईल एवढी वाट ठेवून पुन्हा रचले. नवऱ्याचा सदरा ओलाचिंब झाला. पण खडकामागचे दोरे हलले.

प्रवाळाच्या जागी मात्र दोरा सारखा एकाच बाजूला ताणलेला राही. ती सुई आणि काढून ठेवलेला मोठा पंप घेऊन थेट दुकानात गेली. दुकानदारानं चष्मा पुसून दोरे नीट पाहिले, सगळं ऐकून घेतलं, आणि आपला मोठा पंप परत घेतला.

"चूक माझीच. समुद्रातलं पाणी येतं आणि जातं, एकाच बाजूनं रेटत नाही. दोन छोटे लावा, समोरासमोर, तोंडं जरा वर करून. आणि आळीपाळीनं चालवा."

मग रोज सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आत, तिचं एकच काम. पंपाचं तोंड केसभर वळवायचं, दोरे बघायचे, पुन्हा वळवायचं. एके दिवशी दोरा डावीकडे कलला, क्षणभर थांबला आणि तितक्याच सावकाश उजवीकडे आला. तिनं प्रवाळ नेमकं तिथं बसवलं.

बरेच दिवस काहीच घडलं नाही. लाल साय तेवढी विरत गेली. फाटलेली बाजू भरत आली, पण अंग मिटलेलंच. तरी तिनं पंपाला पुन्हा हात लावला नाही.

मग एका सकाळी ती एका गिऱ्हाइकाच्या झग्याला टाचण्या लावत होती. बाई दोन्ही हात वर करून उभ्या. शिवणताईची नजर सहज टाकीकडे गेली आणि हात थांबले. देठाच्या टोकावर हिरवी लुसलुशीत बोटं बाहेर आली होती. प्रत्येकाच्या टोकाला फिकट गुलाबी ठिपका. सगळी मिळून एकदम इकडे झुकत होती, एकदम तिकडे.

"ताई, हात खाली घेऊ का?" बाईंनी विचारलं.

"घ्या, घ्या. आधी इकडे या, बघा हे."

टाचण्या लावलेल्या अवस्थेतच बाई टाकीपाशी आल्या. दोघी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. शिवणताईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

पुढे काही महिन्यांत प्रवाळाच्या त्या एका डोक्याची दोन झाली, दोन तोंडं, दोन झुबके. बातमी दुकानात पोचली तेव्हा दुकानदार स्वतः बघायला आला आणि जाताना दोरे बांधलेली तशीच एक सुई मागून घेऊन गेला. नवरा तर डेपोतल्या चालक-वाहकांना घरी घेऊन येऊ लागला. छाती फुगवून तो त्यांना समजावत असे, "पाणी येतं आणि जातं, बरं का. रेटायचं नाही."

मशीनवरून मान वर न करता शिवणताई म्हणे, "आणि तोंडं जरा वर. ते राहिलं सांगायचं."