बाबिकर यांची डावी-उजवी पाळी

४ नोव्हेंबर २०१२. दीड पौंड. सुदानमधल्या वद मदनी शहरातल्या कापूस कार्यालयासमोरच्या दुकानातून बाबिकर यांनी तुंबाकची, म्हणजे ओठामागे धरायच्या तंबाखूची, आयुष्यातली शेवटची पिशवी घेतली, तिची ही किंमत. त्यांच्याकडे सुटे नव्हते, म्हणून पैसे मी दिले.

बाबिकर कापूस योजनेत एकतीस वर्षं पीक-निरीक्षक होते. मी त्याच कार्यालयात हिशेब पाहतो. यंदा कोणत्या शेतात कापूस, कोणत्यात ज्वारी, कोणतं पडीक, हे ते ठरवत आणि शेतकरी ऐकत. निवृत्तीनंतर हाच नियम त्यांनी स्वतःच्या तोंडाला लावला. ओल्या तुंबाकची गोळी वर्षानुवर्षं खालच्या ओठामागे डावीकडे बसत असे. तिथे पांढरा चट्टा दिसला, तशी त्यांनी पाळी सुरू केली. तीन महिने डावी बाजू पडीक, तीन महिने उजवी. दुकानासमोरच्या बाकावरच्या पाचही मित्रांना त्यांनी ती शिकवली.

"जमिनीला विसावा लागतो, तसाच तोंडालाही," ते म्हणत.

"आणि जिभेला?" पाचांतला मकावी, त्यांचा जुना ड्रायव्हर, विचारायचा. "तिची तर बारमाही पेरणी चालू आहे!"

मग उजवीकडे फोड आला आणि बरा होईना. त्यांची बायको सित्तना वैतागली.

"किसऱ्याची भाकरी खाताना तोंड वाकडं करता. माझ्या कालवणात खडे आहेत का?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना डॉक्टर इख्लासकडे नेलं. इख्लास आमच्याच गल्लीत वाढलेली. तिनं दोन्ही बाजूंचे तुकडे घेऊन खार्तूमला तपासायला पाठवले. पाच आठवड्यांनी अहवाल आला, तेव्हा बाबिकर यांनी मलाही सोबत नेलं.

"काका, प्रत्येक पेशीत तिनं कसं वागायचं ते लिहिलेलं असतं," इख्लास म्हणाली. "तुंबाकनं तो मजकूर बिघडवलाय. वाढ कुठे थांबवायची, ते सांगणारा भाग दोन्हीकडे खराब झालाय."

"पण डावी बाजू मी पडीक ठेवली होती!"

"आधीचा बिघाड पडीक ठेवून जात नाही. वर तुम्ही उजवीकडेही तोच करून ठेवलात. आणि उजवीकडे बदल पुढे गेलेत. तिथल्या पेशींना शेजारणीला धरून राहता येत नाही. त्या सुटतात आणि मानेतल्या गाठींकडे निघतात."

"निघाल्यात?"

"हाताला काही लागत नाही. पण मी वाट पाहणार नाही. ओठाबरोबर मानेतल्या गाठीही काढू द्या. उजवा खांदा जरा दुबळा होईल."

बाबिकर यांनी मान हलवली. "ओठ काप. मान नको. या हातानं मी एकतीस वर्षं शेतं दाखवली."

"आता कुणाला दाखवायचीत शेतं?" सित्तना म्हणाली. "मला तुम्ही दिसायला हवेत."

त्यांनी अहवाल हातात घेतला. त्यातली डॉक्टरी भाषा त्यांना कळत नव्हती.

"तणाचं बी पाटात उतरलं की खालची सगळी शेतं तपासा, असं मीच लिहायचो," ते म्हणाले. "तपास पोरी, खालची शेतं."

चोवीस गाठी निघाल्या. त्यातल्या दोन गाठींत त्या पेशी पोचल्या होत्या. डावीकडचा चट्टाही काढला. पुढे किरणांचे उपचार झाले.

मार्चअखेर बाबिकर बाकापाशी आले. उजवा खांदा उतरलेला, ओठ आखडलेला. पाचहीजण उठून उभे राहिले.

"माझी पाळी चुकीची होती," ते अडखळत म्हणाले. "त्यानं दोन्ही बाजू जातात. थुंका."

"निरीक्षकसाहेब," मकावी म्हणाला, "एवढं आखूड भाषण तुम्ही जन्मात केलं नव्हतं."

आधी बाबिकरच हसले, ओठ हातानं धरून. मग पाचांतले दोघे गटाराकडे गेले आणि थुंकून आले. मकावी गेला नाही. पण सोमवारी सकाळी तो इख्लासच्या दवाखान्यात रांगेत बसलेला सित्तनाला दिसला.

बाबिकर दर महिन्याला तपासणीला जातात. परत येताना माझ्या टेबलाशी थांबतात, चहा पितात, बोलतातही पुष्कळ.

दीड पौंड अजून त्यांच्याकडे बाकी आहे.